शिडाच्या होडीवरची वीज

एकटा खलाशी झोपतो तेव्हा सुकाणू कोण धरतं? ऑटोपायलट. आणि त्याला लागते वीज. म्हणून मला हायड्रोजनरेटरचा इतिहास झोपेचाही इतिहास वाटतो.

१८०२ साली इंग्लंडच्या एडवर्ड मॅसीने जहाजामागे ओढायच्या फिरकीचं पेटंट घेतलं. पाण्यात फिरत ती कापलेलं अंतर मोजायची. आज तसाच पाण्यातला पंखा जनरेटर फिरवून बॅटरी भरतो. होडीचा वेग दुप्पट झाला, तर प्रवाहातली शक्ती आठपट होते. फुकट मात्र काही नाही: पंखा होडीला थोडं मागे खेचतोच.

'वॅट अँड सी' हे हायड्रोजनरेटर बनवणाऱ्या कंपनीचा सहसंस्थापक यानिक बेस्तावेन. २००८च्या व्हांदे ग्लोब शर्यतीत त्याची डोलकाठी मोडली. २०२०-२१मध्ये तीच शर्यत त्याने जिंकली. वारा तोच, त्याच्याकडून आता दोन कामं करून घेतली जातात.