एक साचा, शेकडो संगणक

महाविद्यालयातील प्रयोगशाळा, बँकेची शाखा, कॉल सेंटर किंवा ऑनलाइन परीक्षेचे केंद्र, कोठेही ओळीने मांडलेले संगणक सुरू झाले की प्रत्येक पडद्यावर एकच दृश्य दिसते. तीच पार्श्वभूमी, तेच प्रोग्रॅम, त्याच जागी तीच चिन्हे. ही एकरूपता आपोआप आलेली नसते. कार्यप्रणाली बसवणे, तिच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या उतरवून घेणे, ऑफिसचे प्रोग्रॅम, प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी कळफलक आणि अँटिव्हायरस घालणे यात निष्णात तंत्रज्ञाचाही अर्धा दिवस सहज जातो. साठ संगणकांसाठी हेच काम हाताने करायचे तर महिना मोडेल आणि तरीही त्यांतील कोणतेही दोन संगणक तंतोतंत सारखे असतील याची खात्री देता येणार नाही. यावर शोधलेला मार्ग म्हणजे ‘सिस्टम इमेज’. एक संगणक हवा तसा सिद्ध करायचा, त्याच्या हार्डडिस्कवरील सर्व मजकुराची प्रत एका मोठ्या फाइलमध्ये साठवायची आणि ती फाइल नेटवर्कवरून बाकीच्या संगणकांवर उतरवायची.

या पद्धतीला लोकप्रियता मिळवून दिली ती ‘घोस्ट’ या प्रोग्रॅमने. न्यूझीलंडमधील बायनरी रिसर्च या कंपनीसाठी मरे हॅझर्ड यांनी तो १९९५ साली तयार केला. नावावरून भुताची आठवण होत असली तरी ते ‘जनरल हार्डवेअर-ओरिएंटेड सिस्टम ट्रान्स्फर’ या लांबलचक शब्दसमूहाचे लघुरूप आहे. १९९८ मध्ये सिमँटेकने हा प्रोग्रॅम विकत घेतला आणि पुढे तो ‘नॉर्टन घोस्ट’ म्हणून घरोघरी पोहोचला. २०१३ मध्ये नॉर्टन घोस्टची विक्री थांबली. तोपर्यंत ‘मशीन घोस्ट करणे’ हे क्रियापद मात्र तंत्रज्ञांच्या बोलीत पक्के रुजले होते.

रिकामा संगणक जागा कसा होतो?

हार्डडिस्क कोरी असताना संगणक नेटवर्कशी बोलतो कसा, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर नेटवर्क कार्डावरच कोरलेल्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये आहे. इंटेलने पुढाकार घेऊन रूढ केलेल्या या व्यवस्थेला ‘पीएक्सई’ म्हणतात आणि तिच्या २.१ या आवृत्तीचे विनिर्देश १९९९ साली प्रसिद्ध झाले. वीज मिळताच नेटवर्क कार्ड ‘मला पत्ता कोण देईल?’ अशी हाक साऱ्या नेटवर्कवर देते. डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता देतो आणि सुरुवातीचा प्रोग्रॅम कोणत्या सर्व्हरवर कोणत्या नावाने ठेवला आहे हेही त्याला कळवले जाते. मग टीएफटीपी या अत्यंत साध्या पद्धतीने तो प्रोग्रॅम थेट मेमरीत उतरतो, त्यातून एक तात्पुरती कार्यप्रणाली उभी राहते आणि तीच पुढे हार्डडिस्कचे विभाग पाडून मुख्य इमेज ओढून घेते. रात्री बंद असलेले संगणक सर्व्हरवरूनच जागे करण्याची सोयही असल्याने हे सारे रिकाम्या खोलीत, माणसाच्या गैरहजेरीत पार पडू शकते.

या संभाषणात मूळ पीएक्सई व्यवस्थेने एक गोष्ट गृहीतच धरली आहे: हाकेला ओ देणारा भला असेल. उत्तर देणारा सर्व्हर खरा की तोतया, हे पारखण्याची सोय तिच्यात नाही. म्हणूनच प्रतिष्ठापनेचे काम वेगळ्या, बंदिस्त नेटवर्कवर करावे असा जाणकारांचा आग्रह असतो.

इमेज पाठवण्याचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. १५ जीबीची इमेज १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून एका संगणकाला द्यायला कागदोपत्री २० मिनिटे लागतात. सर्व्हरने ती साठ संगणकांना वेगवेगळी दिली तर २० तास होतील. गिगाबिट नेटवर्कवर हाच हिशेब दोन मिनिटे आणि दोन तास असा येतो. प्रत्यक्षात वेळ याहून अधिकच लागतो. ‘मल्टिकास्ट’ या तंत्रात सर्व्हर इमेज एकदाच सोडतो आणि सर्व संगणक ती एकाच वेळी टिपून घेतात. शिक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानात सांगण्याऐवजी साऱ्या वर्गाला श्रुतलेखन घालावे, तसा हा प्रकार. वर्गातील सर्वांत सावकाश लिहिणाऱ्यासाठी बाकीच्यांना थांबावे लागते, ही श्रुतलेखनातील अडचणही येथे जशीच्या तशी उतरते. एखादी जुनाट हार्डडिस्क किंवा सदोष केबल साऱ्या प्रयोगशाळेचा वेग खाली आणते. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००८ आर२मध्ये वेगानुसार संगणकांचे गट पाडण्याची सोय दिली ती याचसाठी.

प्रत मिळाली, ओळखीचे काय?

हुबेहूब प्रत काढणे हा या विषयातील सोपा भाग आहे. पेणच्या कारखान्यात साच्यातून शेकडो गणेशमूर्ती एकसारख्या निघतात, पण डोळ्यांची आखणी प्रत्येक मूर्तीची स्वतंत्र करावी लागते. संगणकाचेही तसेच आहे. विंडोज बसवली जात असताना त्या संगणकासाठी एक सुरक्षा ओळखक्रमांक तयार होतो, त्याला ‘सिड’ म्हणतात. त्यात ३२ बिटांच्या तीन यादृच्छिक संख्या असतात. इमेज सरळ उतरवली की संगणकाच्या नावाबरोबर हा क्रमांकही साऱ्या प्रतींत जातो. लिनक्सही याला अपवाद नाही. तेथे यंत्राचा ओळखक्रमांक आणि दूरस्थ प्रवेशासाठीच्या गुप्त किल्ल्या अशाच नकळत वाटल्या जातात. विंडोज २०००पासून प्रचारात आलेले ‘सिसप्रेप’ हे साधन इमेज काढण्यापूर्वी मूळ संगणकाकडून त्याची ओळख पुसून घेते. प्रत पहिल्यांदा सुरू झाली की तिला नवी ओळख मिळते.

सिसप्रेपला लागणारा वेळ आणि त्याचे रुसवेफुगवे टाळण्यासाठी अनेक तंत्रज्ञ ‘न्यूसिड’ हा छोटा प्रोग्रॅम वापरत. तो लिहिणारे मार्क रसिनोविच हे विंडोजच्या अंतरंगाचे मान्यवर अभ्यासक. त्यांनीच नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर केले की, संगणकांचा सिड सारखा असल्याने सहसा काहीच बिघडत नाही. दुहेरी सिडची भीती ही दंतकथा आहे. न्यूसिड त्यांनी मागे घेतला. मायक्रोसॉफ्टचे अधिकृत धोरण मात्र सिसप्रेप आवश्यकच, असे राहिले. धोरण आणि अधिकारी व्यक्तीचे मत यांत अंतर पडले की लोक सोयीचे ते ऐकतात. अनेक ठिकाणी सिसप्रेपला फाटा देऊन सरळ प्रती काढल्या गेल्या आणि वर्षानुवर्षे खरोखरच काही बिघडले नाही.

बिघडले ते १६ वर्षांनी. २९ ऑगस्ट २०२५ आणि त्यानंतरच्या अद्ययावतीकरणांपासून विंडोज ११च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर २०२५ यांनी सिडची कसून तपासणी सुरू केली. समान सिड असलेले संगणक परस्परांची ओळख पटवून घेण्यास नकार देऊ लागले. सामायिक फोल्डर उघडेनात, रिमोट डेस्कटॉप जोडला जाईना, बरोबर पासवर्ड देऊनही तो पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला. हा बदल हेतुपुरस्सर आहे आणि अशा प्रती सिसप्रेपसारख्या मान्य पद्धतीने नव्याने बांधणे हाच कायमचा उपाय आहे, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले. कधीकाळी घेतलेली अर्ध्या तासाची सवलत अशी फेडावी लागली.

ओळखीइतकाच अडचणीचा दुसरा वारसा म्हणजे पासवर्ड. इमेजमध्ये स्थानिक प्रशासकाचा जो पासवर्ड असेल, तोच साऱ्या संगणकांवर जातो. मग एका संगणकात शिरलेल्या घुसखोराला उरलेल्यांची दारेही उघडी सापडतात. प्रत्येक संगणकाचा हा पासवर्ड वेगळा ठेवून तो ठरावीक काळाने आपोआप बदलणारे ‘लॅप्स’ हे साधन मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये दिले आणि २०२३ पासून ते विंडोजचाच भाग आहे. तरीही जुन्या इमेजवर चालणाऱ्या कार्यालयांत एकच पासवर्ड आजही आढळला तर नवल नाही.

यंत्रसामग्रीतील फरकांचा त्रास त्यामानाने ओसरला आहे. विंडोज एक्सपीच्या काळात एका मदरबोर्डवर काढलेली इमेज दुसऱ्यावर सुरूच होईना, निळा पडदा दाखवून थांबे. म्हणून प्रत्येक मॉडेलची वेगळी इमेज सांभाळावी लागे. व्हिस्टाबरोबर आलेल्या ‘विम’ स्वरूपात हार्डडिस्कच्या कप्प्यांऐवजी फाइलींची नोंद होते, तीच फाइल दोनदा साठवली जात नाही आणि ड्रायव्हर नंतरही घालता येतात.

एक कळ, सारे विद्यापीठ

या तंत्राची ताकद किती, हे अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठाने १४ मे २०१४ रोजी अनुभवले. विंडोज ७ची इमेज काही निवडक संगणकांऐवजी चुकून विद्यापीठातील सर्वच विंडोज संगणकांकडे रवाना झाली. त्यात लॅपटॉप होते, डेस्कटॉप होते आणि सर्व्हरही होते. कामांच्या यादीतील पहिली पायरी होती हार्डडिस्कचे विभाग नव्याने पाडून ती कोरी करण्याची. चूक ध्यानात येताच इमेज पाठवणारा सर्व्हर बंद करण्यात आला, पण तोपर्यंत त्याने आज्ञाधारकपणे स्वतःलाही पुसून टाकले होते. यात कोणी हल्लेखोर नव्हता, विषाणूही नव्हता. पाठवायचे कोणाला, एवढाच तपशील चुकला होता. म्हणूनच सर्व्हरना या यादीतून कायमचे वगळणे, आधी मोजक्या संगणकांवर चाचणी घेणे आणि मोठ्या गटासाठी दुसऱ्या व्यक्तीची संमती अनिवार्य करणे हे नियम सुव्यवस्थित संस्थांत असतात.

उलट बाजूने पाहता, सारे काही नष्ट झाले तर वाचवणारीही इमेजच असते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रोग्रॅमने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक निकामी केले. नवी मुंबईतील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केल्याचे कंपनीचे अध्यक्ष जिम हॅगमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. हे घडले कसे, त्याचे वर्णन पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी ‘वायर्ड’ नियतकालिकात केले आहे. कंपनीच्या साऱ्या नेटवर्कची ओळखपत्रे सांभाळणाऱ्या सर्व्हरांपैकी शाबूत राहिला तो केवळ घानामधील एक, तोही हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती म्हणून. आणि कोपनहेगनमधील कार्यालयाच्या उपाहारगृहात जेवणाच्या टेबलांवर एका वेळी वीस संगणक मांडून मदतकक्षाचे कर्मचारी पेन ड्राइव्ह घेऊन रांगेने फिरत होते. इमेज वाटणारे नेटवर्कच कोलमडले तर ती हातात धरता येईल अशा स्वरूपातही असावी लागते, ती यासाठी.

या दोन घटनांनंतर बराच बदल झाला आहे. २०१७ मध्ये आलेल्या ‘विंडोज ऑटोपायलट’मध्ये इमेज पाठवलीच जात नाही, कारखान्यातून आलेली विंडोज तशीच ठेवून संस्थेचे प्रोग्रॅम आणि नियम इंटरनेटवरून चढवले जातात. घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपसाठी हे उत्तमच. परंतु सुट्टीत साठही संगणक एका रात्रीत पूर्ववत करायचे असतील आणि इंटरनेटची जोडणी बेताची असेल, तेथे जुनाच मार्ग परवडतो. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातील तंत्रज्ञांनी घडवलेले ‘क्लोनझिला’ आणि २००७ साली सुरू झालेला ‘फॉग’ हे दोन्ही मुक्त प्रोग्रॅम विनामूल्य आहेत. क्लोनझिला शक्य तेथे हार्डडिस्कचा केवळ वापरलेला भाग उचलतो, त्यामुळे इमेज लहान राहते. फॉग प्रत्येक संगणकाची नोंद ठेवून कोणाला कोणती इमेज द्यायची हे वेब पृष्ठावरून ठरवू देतो. मात्र विंडोजची इमेज काढण्यापूर्वी सिसप्रेप चालवण्याचे काम या दोन्हींच्या बाबतीत तंत्रज्ञालाच आठवणीने करावे लागते.