बॅटरीवर चालणाऱ्या फळीची कुळकथा

घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक स्केटबोर्डच्या फळीला कार्बनच्या कापडाचे अस्तर देण्याची रीत रूढ झाली ती मुख्यतः बॅटरीमुळे. मुळात ही फळी लवणारीच हवी असे. कॅनडातल्या मेपल लाकडाचे सात पातळ थर एकमेकांवर चिकटवून किंवा बांबूच्या पट्ट्या जोडून ती बनवत. वर उभ्या माणसाच्या वजनाने ती मधोमध खाली जाई, पुन्हा वर येई आणि रस्त्याचे हादरे पायांपर्यंत पोहोचण्याआधीच गिळून टाकी. तिच्या पोटाखाली बॅटरीची पेटी आली आणि हाच गुण दोष ठरला.

स्केटबोर्डचा जन्म 1950च्या दशकात कॅलिफोर्नियात झाला. सुरुवातीची चाके लोखंडाची किंवा भाजलेल्या मातीच्या जातीची होती. 1970च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी याने पॉलियुरेथेनची चाके बाजारात आणली. ती रस्ता धरून ठेवत, त्यामुळे वेग वाढवणे शक्य झाले. 1975 साली पेट्रोल इंजिन बसवलेला मोटोबोर्ड निघाला, पण त्याचा आवाज आणि धूर लोकांना सोसवेना. पुढे लुई फिंकल या अमेरिकनाने बिनतारी रिमोटवर चालणारा इलेक्ट्रिक स्केटबोर्ड तयार केला आणि 1999 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्या काळच्या अशा बोर्डांत शिशाच्या बॅटऱ्या असत. ही बॅटरी किलोमागे जेमतेम 30 ते 40 वॅट-तास वीज साठवते. त्यामुळे उपयोगाचा पल्ला हवा असेल तर फळीखाली आठ-दहा किलोंचे ओझे टांगावे लागे.

हातात मावणाऱ्या बॅटरीची गोष्ट याहून जुनी आहे आणि तिच्यातली दोन द्रव्ये कर्नाटकातल्या बीदरला चांगली परिचयाची आहेत. बहामनी काळापासून, म्हणजे पंधराव्या शतकापासून, बीदरचे कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून भांडी ओततात, त्यांत चांदीची तार ठोकून बसवतात आणि किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या मिश्रणाने जस्ताला काळेभोर करतात. चांदी तेवढी पांढरी राहते. 2006 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही बिदरी कला. 1866 मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे याने जो विद्युत घट बनवला, त्यातही जस्त आणि नवसागरच होते, जोडीला मँगनीज डायऑक्साइड होते. त्याच कुळातून पुढे टॉर्चचा कोरडा सेल आला. या दोन शोधांचा एकमेकांशी संबंध नाही, पण जस्त आणि नवसागर यांची रासायनिक ओढ बिदरीच्या कारागिरांनी शतकानुशतके हाताळली होती, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

स्केटबोर्डचे रूप पालटले ते लिथियम-आयन सेलने. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांच्या संशोधनावर उभा असलेला हा सेल सोनी कंपनीने 1991 मध्ये बाजारात आणला आणि 2019 मध्ये तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. घरगुती बोर्डात बहुधा 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब असे नळकांडी सेल वापरतात. दहा सेल एकापुढे एक जोडले की 36 व्होल्ट मिळतात आणि पूर्ण भरल्यावर 42. अशा चार रांगांचे चाळीस सेल मिळून दोन किलोही भरत नाहीत.

फळीच्या अस्तरातला कार्बनचा धागा प्रथम उजेडासाठी बनला. एडिसनने 1879 मध्ये सुताचा आणि पुढच्या वर्षी बांबूचा धागा जाळून कोळसा केला आणि दिव्यात बसवला. मजबुतीसाठी त्याचा विचार व्हायला 1958 उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत रॉजर बेकन यांनी असाधारण बळकट कार्बन तंतू बनवून दाखवले. जपानचे अकिओ शिंदो आणि इंग्लंडच्या फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्था यांनी 1960च्या दशकात ॲक्रिलिकच्या जातीच्या धाग्यापासून तो बनवण्याची वाट घालून दिली. सुमारे 7 मायक्रॉन जाडीचा हा तंतू पोलादाइतका किंवा त्याहून ताठ असतो, पण वजनाने त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही हलका. भारतात या विद्येचे मोठे काम बंगळुरूत झाले. 4 जानेवारी 2001 रोजी पहिल्यांदा उडालेल्या तेजस विमानाच्या सांगाड्याचे साधारण 45 टक्के वजन अशा तंतुमिश्र पदार्थांचे आहे.

फळी आणि बॅटरी यांची गाठ पडली तेव्हा अडचण एका छोट्या जागी दिसली. सेल एकमेकांना जोडणारी निकेलची पट्टी साधारण 0.15 मिलिमीटर जाडीची असते आणि सेलच्या टोकाला ती फक्त दोन-चार ठिपक्यांच्या स्पॉट वेल्डिंगने धरलेली असते. फळी लवली की पट्टीवर ताण येतो. हजारो हेलकाव्यांनंतर एखादा ठिपका सुटतो, उरलेल्या रांगांवर भार वाढतो आणि त्या तापू लागतात. 2012 मध्ये लोकवर्गणीतून पुढे आलेल्या बूस्टेड कंपनीने बांबूची लवचीक फळी कायम ठेवली आणि बॅटरी एका टोकाला व नियंत्रक दुसऱ्या टोकाला बसवून मधला भाग मोकळा सोडला. घरी बोर्ड बांधणाऱ्यांना मात्र लांब पल्ला हवा होता, म्हणजे पोटभर सेल हवे होते. त्यांनी कार्बनचे कापड चिकटवून फळीच ताठ केली.

ही रीत कोकणात फायबरच्या होड्या बांधणाऱ्याला शिकवावी लागणार नाही. फळी पॉलिश पेपरने घासून खडबडीत करतात आणि धूळ पुसतात. इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर वजनाच्या काट्यावर मोजून मिसळतात. अंदाजाने ओतले तर थर चिकटच राहतो. मग कापड अंथरून रोलरने रेझिन मुरवतात आणि अडकलेली हवा कडेकडे ढकलतात. धागे फळीच्या लांबीला समांतर ठेवले तर लवणे कमी होते, तिरपे घातले तर पीळ आवरतो. कापड खालून आणि वरून, दोन्हीकडे लावावे लागते. वजन पडताच खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते, तर मधल्या लाकडाला या दोघींना अंतरावर धरून ठेवण्याचेच काम उरते. वाळलेला थर घासताना मास्क हवाच, कारण ती बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते.

यातला खरा धोका रंगरूपात दिसत नाही. कार्बन वीज वाहून नेतो. नळकांडी सेलचे संपूर्ण अंग ऋण टोक असते आणि धन टोकाच्या कडेला दोन्ही ध्रुवांमध्ये कागदासारखे पातळ वेष्टण तेवढे असते. हादऱ्यांनी ते कार्बनवर घासून फाटले तर शॉर्ट सर्किट होते आणि पेटलेला लिथियम सेल आवरणे फार कठीण जाते. म्हणून बॅटरीकडच्या बाजूला शेवटचा थर काचेच्या कापडाचा देतात, त्यावर फोमची गादी घालतात आणि सेलच्या गटांमध्ये पट्टीऐवजी मऊ सिलिकॉन वायर वापरतात. कार्बन रेडिओ लहरीही अडवतो. रिमोटचा रिसीव्हर पूर्ण कार्बनच्या पेटीत बंद केला तर चालत्या बोर्डाचा ब्रेक हुकमाबाहेर जाऊ शकतो, त्यामुळे अँटेना बाहेर काढणे भाग असते.

बीदर-कलबुर्गीकडच्या औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात बोर्ड बांधायचा तर हे सारे अधिक काटेकोरपणे करावे लागेल. काळ्या जमिनीवरचे रस्ते पावसाळ्यानंतर खचतात आणि भेगाळतात, तिथे लहान पॉलियुरेथेन चाकांपेक्षा हवा भरलेली मोठी चाके बरी. त्याहून मोठा प्रश्न उन्हाचा आहे. मे महिन्यात कलबुर्गीचा पारा 42 अंशांवर जातो आणि उन्हात पडलेली काळी फळी सहज 60 अंशांपलीकडे तापते. साध्या तापमानावर वाळवलेली बरीचशी इपॉक्सी 50 ते 60 अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते आणि बहुतेक लिथियम सेलना 45 अंशांपलीकडे चार्जिंग मना असते. या भागात बोर्ड सावलीत ठेवावा, फिरून आल्यावर तो पुरता निवू द्यावा, मगच चार्जर लावावा.