डोंगर कुणी दाखवला, कुणाचा दाखवला?

जमीन वाचवायची असेल तर आधी ती लोकांना दाखवावी लागते. आज साधी वाटणारी ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका संस्थेने पद्धतशीरपणे अमलात आणली. सिएरा क्लब हे तिचे नाव. २८ मे १८९२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तिची स्थापना झाली. निसर्गलेखक जॉन म्यूर तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९१४मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या पदावर राहिले. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांग आणि तिच्या कुशीतील योसेमिटीचे राष्ट्रीय उद्यान राखणे, हे क्लबचे मुख्य काम होते.

क्लबचे बहुतेक सभासद शहरात राहणारे होते. ज्या डोंगरांसाठी ठराव करायचे, ते अनेकांनी पाहिलेलेही नव्हते. विल्यम कोल्बी या तरुण वकिलाने यावर उपाय काढला. दर उन्हाळ्यात सभासदांनी एकत्र जमायचे, पण सभागृहात नव्हे, डोंगरात. १९०१मध्ये ९६ जणांचा पहिला काफिला योसेमिटीच्या उंच भागातील टुओलमीच्या कुरणांकडे निघाला. तंबू, अंथरुणे, शिधा असे जड सामान वाहून नेण्याची सोय क्लबने केली आणि माणसे पायी चालली. दिवसा जाणकारांसोबत शिखरे, धबधबे, हिमनद्यांच्या खुणा पाहायच्या आणि रात्री शेकोटीभोवती भूगर्भ, झाडे, पक्षी यांवर व्याख्याने ऐकायची, अशी रीत पडली. स्त्रियाही मोठ्या संख्येने येत. कोल्बींनी १९२९पर्यंत या सहलींची धुरा वाहिली.

हा केवळ विरंगुळा नव्हता. डोंगर पाहून आलेला माणूस त्याच्यासाठी भांडेल, हा त्यामागचा हिशोब होता आणि त्याची परीक्षा लवकरच झाली. १९०६च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाले. शहराच्या पाण्यासाठी योसेमिटी उद्यानातील हेच हेची दरीत धरण बांधण्याच्या जुन्या मागणीने पुन्हा जोर धरला. म्यूर आणि कोल्बी विरोधात उभे राहिले. देशभरातून पत्रे गेली, वृत्तपत्रांत वाद रंगला. क्लबमध्येही फूट पडली, कारण अनेक सभासद त्याच शहराचे रहिवासी होते. अखेर डिसेंबर १९१३मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी धरणाच्या कायद्यावर सही केली. १९२३मध्ये धरण पूर्ण झाले आणि दरी पाण्याखाली गेली.

लढाई हरली, पण पद्धत टिकली. छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स याच सहलींत घडले. किंग्ज कॅन्यनच्या बचावासाठी ते १९३६मध्ये आपली छायाचित्रे घेऊन वॉशिंग्टनला गेले. १९४०मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. डोंगर दाखवण्यातून कायदा घडू शकतो, हे सिद्ध झाले.

इथपर्यंतचा इतिहास संवर्धनाच्या पुस्तकांत अभिमानाने सांगितला जातो. पण सहलीत जे दाखवले जात होते, त्याबरोबर जे वगळले जात होते त्याचेही परिणाम झाले.

पहिले उदाहरण खुद्द रस्त्याचे. योसेमिटीकडे जाणारा वावोना रस्ता १८७४-७५च्या हिवाळ्यात मुख्यतः चिनी मजुरांनी खोदला. टुओलमीकडे जाणारा सुमारे ९० किलोमीटरचा डोंगरी रस्ता १८८२-८३मध्ये तयार झाला, त्यावरही बहुसंख्य मजूर चिनी होते. याच १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा केला, तो १९४३पर्यंत टिकला. म्हणजे ज्यांच्या हातांनी पर्यटकांची वाट झाली, त्यांच्याच भाऊबंदांना देशाचे दार बंद झाले. क्लबच्या सुरुवातीच्या सहलींत मुदपाकखाना सांभाळणारा प्रमुख आचारी चार्ली टक हाही चिनी होता. शेकोटीभोवतीच्या शंभर माणसांचे पोट त्याच्या चुलीवर भरत असे. इतिहासात मात्र व्याख्यात्यांना पाने मिळाली आणि आचाऱ्याला जेमतेम एखादी ओळ.

दुसरे उदाहरण जमिनीच्या मूळ रहिवाशांचे. योसेमिटी दरीत मिवोक आणि इतर आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. ओकची फळे त्यांचे मुख्य अन्न. गवत आणि झुडपे ठरावीक काळाने जाळून त्यांनी दरीतील कुरणे मोकळी ठेवली होती. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्यांशी संघर्ष झाल्यावर १८५१मध्ये मॅरिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी दरीत शिरली. तिने वस्त्या आणि धान्याचे साठे जाळले, लोकांना हुसकावले. टेनाया या त्यांच्या प्रमुखाला सांगण्यात आले की, त्या भागातील एका सुंदर तलावाला तुझे नाव दिले आहे. त्याने उत्तर दिले की, तलावाला आधीपासून नाव आहे, पायविअॅक. ही हकीकत बटालियनमधील एका माणसानेच लिहून ठेवली. तलाव आजही टेनाया नावानेच ओळखला जातो.

अवघ्या पन्नास वर्षांनी शहरातले लोक तिथे सहलीला आले, तेव्हा त्यांना ही भूमी मानवी हात न लागलेली वाटली. हेच हेचीच्या वादातही शहराला पाणी की देशाला उद्यान, असे दोनच पक्ष गाजले. ज्यांच्या भाषेतून त्या दरीचे नाव आले, त्यांचा तिसरा पक्ष मांडलाच गेला नाही. पुढे १९६९मध्ये उद्यानाच्या प्रशासनाने दरीतील शेवटची आदिवासी वस्तीही मोडली. त्याच जागेवर पुन्हा वस्ती उभारण्याचा करार २०१८मध्ये झाला, म्हणजे जवळपास अर्धे शतक गेले.

क्लबही बदलत गेला. त्याच्या उद्दिष्टांत पूर्वी डोंगर 'पोहोचण्याजोगे करणे' असे होते. १९५१मध्ये त्या जागी 'जतन करणे' आले, कारण गर्दीच डोंगराला जड होऊ लागली होती. जुलै २०२०मध्ये क्लबने म्यूर यांच्या आदिवासी व कृष्णवर्णीयांविषयीच्या वंशवादी शेऱ्यांची जाहीर कबुली दिली. आपल्या संस्थापकाची उणी बाजू आपणच सांगणे कुठल्याही संस्थेला सोपे नसते. म्यूर यांचे काम त्यामुळे पुसले जात नाही, ते पूर्ण दिसते एवढेच.

आजही संवर्धन संस्थांच्या वार्षिक संमेलनांत जाणकारांसोबत रानभेटी असतात. त्या असायलाच हव्यात, कारण न पाहिलेल्या जमिनीसाठी कुणी उभे राहत नाही. पण हाच नियम माणसांनाही लागू आहे. ज्यांची ओळख करून दिली जात नाही, त्यांच्या हक्कासाठीही कुणी उभे राहत नाही. म्हणून अशा भेटीत झाडाचे आणि पक्ष्याचे नाव जरूर विचारावे. त्याबरोबर ही वाट कुणी खोदली आणि इथे आधी कोण राहत होते, हेही विचारावे. डोंगर दाखवणाऱ्याला उत्तर माहीत नसेल, तर ते शोधणे हाही संवर्धनाचाच भाग आहे.