ख्रिस्ती अभंगाचं कूळ

श्रावणी सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी रचतात आणि त्या बघायला जुन्नर-आंबेगावातून माणसं लोटतात. तिथेच मांडवीकाठी चैतन्य स्वामींची समाधी आहे. माघ शुद्ध दशमीला तुकोबांना स्वप्नात मंत्र देणारे बाबाजी ते हेच, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. मराठी ख्रिस्ती भजनाचं कूळ धुंडाळत गेलं तर एक वाट या समाधीपाशी येते. जुन्नरला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचं ठाणं होतं खरं, पण ही वाट त्या ठाण्यातून जात नाही. ती जाते कोकणातल्या करजगावी जन्मलेल्या एका चित्पावन कवीकडून.

नारायण वामन टिळक (1861–1919) यांच्या हाती नवा करार पडला तो 1893 साली, नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीतल्या एका परक्या सहप्रवाशाकडून. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते सांगत, तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताच्या पायाशी आलो. हे वाक्य लोक भावुक होऊन उद्धृत करतात. मला ते जवळजवळ तांत्रिक विधान वाटतं. पूल नसता तर प्रेषित पौलाची शिकवण मराठी मनात उतरवणं फार अवघड होतं.

कारण ती शिकवण मुळातच विचित्र आहे. इ.स. 57च्या सुमारास रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, नियम पाळून कोणी नीतिमान ठरत नाही; देव फुकट क्षमा करतो. मग कोणीही विचारील, फुकट असेल तर पाप करतच राहू की! पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल या शंकेला सामोरा जातो. पाप त्याच्या लेखी नुसती चूक नाही, तो धनी आहे आणि माणूस त्याचा दास. बाप्तिस्म्यात माणूस ख्रिस्ताबरोबर मरतो, आणि मेलेल्या दासावर जुन्या धन्याची सत्ता चालत नाही. कृपा म्हणजे नुसती माफी नव्हे, धनी बदलणं.

‘करावे तसे भरावे’ ऐकत वाढलेल्या माणसाला हे वादविवादातून कसं पटावं? सुरुवातीचे मिशनरी वाद घालत, पत्रकं छापत आणि इंग्रजी चालींवर भाषांतरित गीतं गाऊन घेत. पत्रकं वाचली गेली, गीतं मात्र गळ्यात बसेनात. 1860च्या दशकात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी कीर्तनाला हात घातला. पूर्वरंगात सिद्धांत मांडायचा आणि उत्तररंगात आख्यान लावायचं, हा साचा आयताच होता. येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला तर जणू उत्तररंगासाठीच रचलेला: हिशेब न मागता धावत सुटलेला बाप आणि दाराबाहेर हिशेब मांडून बसलेला थोरला मुलगा. पौलाचा सगळा युक्तिवाद त्या दोन भावांत येतो.

याआधीही मराठी ख्रिस्ती काव्याचं एक घराणं होतं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं, ओवीबद्ध मराठीतलं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. पण 1684मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं आणि ते घराणं घाटावर पोचलंच नाही. नगरकरांनी काम नव्याने सुरू केलं.

टिळकांनी अभंग घेतला तो याच कामासाठी. वारकरी संतांनी ‘पतित’ हा शब्द स्वतःला लावून घेतला होता. आपली पात्रता नाही, तरी देव घेईल, असं ते गात. पौलाचं म्हणणं ऐकायला कान तयार होते ते त्यामुळे. (दोन्हीकडे एकच सांगितलंय, असं म्हणणारे मला घाईतले वाटतात. वारकऱ्याला नाम आणि संतसंग तारतो. पौलाच्या मते इतिहासात एकदाच घडलेला एक मृत्यू आणि पुनरुत्थान.) टिळकांनी हा फरक पुसला नाही. त्यांनी छंद घेतला, आर्तता घेतली, देवाला आई म्हणण्याची मुभा घेतली आणि विठ्ठलाच्या जागी ख्रिस्त ठेवला. यावर दोन्हीकडून टीका झाली, हे ओघानेच आलं.

‘ख्रिस्तायन’ हे टिळकांचं महाकाव्य त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही, ते पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिलं. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे लक्ष्मीबाईंचं हे काम झाकोळलं गेलंय. मराठी चर्चच्या ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहाचा मोठा भाग टिळकांच्या पदांनी भरलाय.

1917मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे शिष्य म्हणून जागा होती. अनेक मिशनऱ्यांना ते रुचलं नाही. पण कृपा फुकट आहे हे अभंगातून इतकी वर्षं गाणाऱ्या माणसाने दारावर दाखला मागावा, अशी अपेक्षा तरी कशी करायची?