कामावर जखमी झालेल्यांचा हक्क व स्वामीचा अनुग्रह

हिंदुस्थानांत कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला व १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. कामामुळें व काम चालू असतां अपघात होऊन इजा झाली, तर मालकाची चूक सिद्ध न करितांही भरपाई मागतां यावी, हें त्याचें मुख्य तत्त्व. पुढें त्यांतील तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत घेतल्या गेल्या. ही कल्पना सर्वस्वी विलायती, असा एक पक्ष आहे. आमच्या ग्रंथांत ती पूर्वींच होती, असा दुसरा. दोन्ही पक्ष साधनांशीं ताडून पाहणें अवश्य आहे.

आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणांत, राजकार्यांत मृत झालेल्यांच्या बायकामुलांस अन्न व वेतन मिळावें, असें विधान आहे. तेथें क्रियापद ‘लभेरन्’ असें असून त्याचा कर्ता बायकामुलें होत, राजा नव्हे. मृतांच्या घरचीं बालकें, वृद्ध व रोगी यांविषयीं मात्र लगेच ‘अनुग्राह्य’ हा शब्द योजिला आहे. एकांनीं मिळवावयाचें व दुसऱ्यांवर कृपा व्हावयाची, हा भेद आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. तथापि ही योजना राजसेवकांपुरतीच. खासगी धन्याचा मजूर तींत येत नाहीं.

सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदानें लिहिलेल्या बखरींत १६५९ च्या अफजलखान-प्रसंगानंतरची व्यवस्था वर्णिली आहे. पडलेल्यांच्या पुत्रांचें चालविलें, निपुत्रिकांच्या बायकांस निमें वेतन दिलें, व जखमींस जखमेच्या मानानें २०० पासून २५ पर्यंत होन दिले, असें तो सांगतो. बखर प्रसंगानंतर पस्तीस-चाळीस वर्षांनीं लिहिलेली असल्यानें आंकड्यांवर फार भार देतां येत नाहीं. परंतु जखमेचें मान पाहून देणें उचित, ही समजूत लेखकाच्या काळीं रूढ होती, इतकें तीवरून निश्चित होतें.

आतां १९२३ च्या कायद्याचें परिशिष्ट पाहावें. उजवा हात कोपरापासून गेल्यास कमाईच्या शक्तीची हानि शेंकडा ७०, डावा गेल्यास ६०, एक डोळा गेल्यास ३०, अंगठा गेल्यास २५, असें मान तेथें ठरविलें होतें. जखमेचें मोल ठरविण्याची रीत, यावरून, आम्हांस नवी नव्हती.

नवें होतें तें निराळेंच. बखरींतील विधवेस निमें वेतन मिळालें, कारण स्वामी न्यायी होता. तो विसरता, तर तिनें कोणाकडे जावें हें बखर सांगत नाहीं. गिरणींत हात गमावलेल्या मजुरास कायद्यानें कमिशनरचें दार दाखविलें. धनी उदार असो वा कृपण, तेथें त्याचें मागणें ऐकिलेंच पाहिजे. कौटिल्याच्या क्रियापदांत जो हक्क सूचित होता, त्यास दाद मागण्याचें स्थान या कायद्यानें दिलें, असें आमचें मत आहे.

पेशवे दफ्तरांतील बालपरवेशीचे कागद याच दृष्टीनें वाचले पाहिजेत. किती दिलें, एवढेंच न पाहतां, मागणाऱ्यानें तें दान म्हणून मागितलें कीं देणें म्हणून, हें अभ्यासकांनीं पाहावें.