रक्तपेढी आणि श्वेतपेशी-न्यूनन : १९९८ या वर्षाच्या निमित्ताने

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. रक्तसंक्रमणाच्या इतिहासातही हे वर्ष लक्षणीय ठरले आहे. त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोबदला घेऊन रक्त देणाऱ्यांकडून रक्त स्वीकारण्यास भारतात बंदी झाली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये संकलित रक्तातील श्वेतपेशी सरसकट गाळून काढण्याचे धोरण अमलात आले, आणि जुलै महिन्यात ब्रिटननेही तसा निर्णय जाहीर केला. रक्तावाटे होणारा संसर्ग टाळणे हा हेतू उभयत्र समान होता. मार्ग मात्र भिन्न होते. भारताने दाता बदलला, तर युरोपीय देशांनी रक्त गाळले. जिल्हा रुग्णालयाच्या रक्तधोरणाचा विचार करताना हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

भारतीय धोरणाची पार्श्वभूमी काही अंशी शब्दांतूनच उलगडते. १९३७ साली शिकागो येथील एका रुग्णालयात बर्नार्ड फॅंटस यांनी रक्तसाठ्यास ‘बँक’ हे नाव दिले. मराठीत त्याची ‘रक्तपेढी’ झाली. पेढी म्हटली की देवघेव आली, आणि आपल्याकडे ही देवघेव दीर्घकाळ अक्षरशः पैशांची होती. १९८९ मध्ये दात्याच्या रक्ताची एच.आय.व्ही. चाचणी सक्तीची झाली. पुढे ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला आणि त्यातून राष्ट्रीय व राज्य रक्तसंक्रमण परिषदा, तसेच उपरोक्त बंदी निष्पन्न झाली. २००१ पासून ‘हेपटायटिस सी’ची चाचणीही बंधनकारक ठरली. २०२० च्या सुधारित नियमांनी ‘पेढी’च्या जागी ‘केंद्र’ हा शब्द आणला. ‘विक्री’कडून ‘दाना’कडे झालेला हा प्रवास केवळ शाब्दिक नव्हे.

श्वेतपेशी-न्यूननाचे तत्त्व निराळे आहे. रक्ताच्या एका पिशवीत शंभर कोटींहून अधिक श्वेतपेशी असतात. विशिष्ट गाळणीने ही संख्या अमेरिकी प्रमाणानुसार पन्नास लाखांच्या, तर युरोपीय प्रमाणानुसार दहा लाखांच्या खाली आणली जाते. सायटोमेगॅलो विषाणूसारखे जे रोगकारक मुख्यतः श्वेतपेशींच्या आश्रयाने राहतात, त्यांचा धोका यामुळे पुष्कळ घटतो. रक्त दिल्यानंतर येणारा तापही कमी होतो. साठवणीत श्वेतपेशी विघटित होऊन त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात; म्हणून रुग्णशय्येपाशी गाळण्यापेक्षा साठवणीपूर्वी गाळणे श्रेयस्कर मानले जाते.

ब्रिटनच्या निर्णयामागे गोवंशातून माणसात आलेल्या मेंदूच्या एका व्याधीचे भय होते. भारतात ते कारण लागू पडत नाही. येथे बहुतेक प्रौढांना सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग पूर्वीच होऊन गेलेला असतो. त्यामुळे त्या विषाणूपासून मुक्त असा दाता शोधण्याचा पर्याय व्यवहारात उरत नाही, आणि दुर्बल रुग्णासाठी गाळणीचे महत्त्व उलट वाढते. उपाय एकच असला, तरी त्याचे समर्थन प्रत्येक देशाने आपल्या परिस्थितीतूनच करावे लागते.

विदर्भाच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष गंभीर आहे. मध्य भारतातील सिकलसेल विकृतीची नोंद नागपूरच्या संशोधकांनी १९५८ मध्येच केली होती. थॅलसेमियाच्या मुलांना तर आयुष्यभर, दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते. त्यांना न्यूनीकृत रक्तच द्यावे, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. मात्र २०२२ मध्ये नागपुरात उपचार घेणाऱ्या अशा चार मुलांना एच.आय.व्ही.ची बाधा झाल्याचे व त्यांपैकी एक दगावल्याचे वृत्त आले. एच.आय.व्ही. व काविळीचे विषाणू रक्तद्रवातही असतात; गाळणी त्यांना अडवू शकत नाही. संसर्गानंतरच्या प्रारंभीच्या काळात चाचणीलाही ते हुलकावणी देऊ शकतात. तेथे स्वेच्छेने नियमित रक्त देणारा दाता आणि अधिक सूक्ष्म चाचणी हाच आधार होय.

म्हणूनच अशा रक्तास ‘श्वेतपेशीविरहित’ वा ‘शुद्ध’ म्हणणे सदोष आहे. ‘न्यूनीकृत’ हीच यथार्थ संज्ञा होय. पहिल्या शब्दाने रुग्णाच्या पालकांस व प्रसंगी वैद्यकासही अभयाचा भास होतो, दुसऱ्याने मर्यादेचे भान राहते. वाशीमसारख्या जिल्ह्यात साधने मोजकी असतात. अशा ठिकाणी दात्याची निवड प्रथम, चाचणी त्यानंतर, आणि वारंवार रक्त घेणाऱ्यांसाठी गाळणी या दोहोंच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे, हाच क्रम १९९८ च्या दोन धोरणांच्या तुलनेतून निष्पन्न होतो.