तुकड्यांच्या शेतीवरील एक जुना निबंध

शेतजमिनीचे तुकडे का पडतात आणि ते कसे थांबवावेत, हा प्रश्न मुलकी खात्यात काही काळ काढलेल्या आमच्या वाचकांस नवा नाही. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली, तेव्हा १७७१ साली सरासरी ४० एकरांचे असलेले खाते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. १५६ जमीनधारकांची शेती ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. १९१७ साली बडोदे संस्थानच्या समितीनेही या विषयावर अहवाल सिद्ध केला. रोग आकड्यांनी सिद्ध झाला की औषध सुचविण्यास विलंब लागत नाही. विखुरलेले तुकडे एकत्र करावेत, किफायतशीर खाते किती एकरांचे ते ठरवावे, वारसाहक्काचा कायदा बदलून जमीन एकाच वारसाकडे जाऊ द्यावी, अशा सूचना त्या काळी पुढे आल्या.

या मांडणीची कठोर तपासणी करणारा इंग्रजी निबंध १९१८ साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखक होते २७ वर्षांचे भीमराव रामजी आंबेडकर. हे गृहस्थ आदल्याच वर्षी बडोद्यास नोकरीवर रुजू झाले होते. परगावी बदली झालेल्या अधिकाऱ्यास पहिली विवंचना बिऱ्हाडाची असते, हे आम्ही सर्वच जाणतो. पण अस्पृश्य म्हणून त्यांना त्या शहरात छप्परच मिळाले नाही. पारशी वसतिगृहात नाव बदलून काढलेले अकरा दिवस, आणि मग काठ्या घेऊन आलेला जमाव! त्यांना बडोदे सोडावे लागले. निबंधात या प्रकाराचा कडवटपणा शोधूनही सापडत नाही. बडोद्याच्या अहवालाशी त्यांचा वाद आहे तो निव्वळ अर्थशास्त्राचा.

तो वाद असा. एका कुटुंबाचा सुखाने निर्वाह चालेल ते किफायतशीर खाते, ही व्याख्या कीटिंगसारख्या अधिकाऱ्यांनी केली होती. आंबेडकर म्हणतात, ही खाणाऱ्याच्या बाजूने केलेली व्याख्या झाली. शेती हा उत्पादनाचा धंदा आहे. खाते लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून कळत नाही. बैल किती, अवजारे किती, भांडवल किती, यांच्याशी त्याचे प्रमाण पाहावे लागते. ज्याच्यापाशी साधनेच अपुरी, त्याला आहे तीच जमीन मोठी आहे; ती वाढवून दिल्यास तोटा वाढेल. मग तुकडे का पडतात? पोटासाठी दुसरा धंदा नाही म्हणून. घरातील रिकामे हात जमिनीलाच चिकटून राहतात, त्यांच्या पोटात शिल्लक जाते, आणि भांडवल साठत नाही. यास्तव उपाय शेताबाहेर, उद्योगधंद्यांच्या वाढीत आहे. हे हात तिकडे वळले की जमिनीवरील भार हलका होईल. तोवर एकत्र केलेली शेते पुढच्या पिढीत पुन्हा फुटतील.

उद्योगांना आरंभीचे भांडवल कोठून यावे, हा दुवा निबंधात काहीसा कच्चा राहिला आहे, असे आम्हांस वाटते. तथापि प्रश्न ज्या खात्याचा त्याच खात्यात उत्तर शोधण्याची आपली दफ्तरी सवय लक्षात घेता, त्या तरुणाने टाकलेले पाऊल धीटपणाचे होते. १९२७ साली लहान खातेदारांचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आले, तेव्हाही त्यांनी त्यास विरोध केला, आणि मालकी कायम ठेवून सहकारी शेती करण्याचा मार्ग सुचविला.

मुंबई प्रांतात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा अखेर १९४७ साली झाला. १९७०-७१ च्या कृषिगणनेत देशातील सरासरी खाते २.२८ हेक्टरांचे होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.०८ हेक्टर भरले. महाराष्ट्रात तुकडेबंदीचा कायदा या सर्व काळात पुस्तकात होताच.